शेत बदलले की नाव बदले

एखाद्या मनुष्याचे आडनाव आयुष्यात दोन-तीन वेळा बदलावे आणि त्यात कोणासही काही वावगे वाटू नये, ही गोष्ट ऐकून आपण चकित होऊ. नॉर्वेच्या शेतकरी समाजात ती शतकानुशतके नित्याची होती. तेथे शेतकऱ्याच्या नावाचे तीन भाग असत. पहिले स्वतःचे नाव; दुसरे बापाचे, त्यास मुलासाठी ‘सेन’ आणि मुलीसाठी ‘दात्तेर’ हा प्रत्यय लागे; तिसरे ज्या शेतावर वास्तव्य असेल त्या शेताचे. हान्सचा मुलगा उले हा उले हान्सेन, त्याची बहीण कारी ही कारी हान्सदात्तेर, आणि हाउगेन, म्हणजे टेकाड, या शेतावर राहतात म्हणून दोघेही हाउगेन. पुढे उले लग्न करून बायकोच्या लीएन शेतावर राहावयास गेला, की तो उले हान्सेन लीएन झाला. आपल्याकडची ‘कर’ लागलेली आडनावे गाव सुटले तरी माणसाबरोबर येतात. तेथे शेत सुटले की त्याचे नावही सुटे. कारी मात्र लग्नानंतरही हान्सदात्तेरच राही. बापाचे नाव तिच्यापासून कोणी काढून घेत नसे.

मुलांची नावे ठेवण्याची रीतही ठरलेली होती. थोरला मुलगा बापाच्या बापाचे नाव घेई, दुसरा आईच्या बापाचे. मुलींना त्याचप्रमाणे दोन्हीकडच्या आज्यांची नावे मिळत. बायकोचे शेत वाट्यास आले असेल, तर पुष्कळदा तिच्या बापाचा मान पहिला. मूल दगावले तर त्याच्या पाठच्या भावास किंवा बहिणीस तेच नाव देत. म्हणून चर्चच्या नोंदवहीत एकाच आईबापांच्या पोटी दोन आन्देर्स आढळतात. पण आम्हास सर्वांत हृदयस्पर्शी वाटते ती विधवेची रीत. तिने पुन्हा लग्न केले, तर दुसऱ्या नवऱ्यापासून झालेल्या पहिल्या मुलास ती पहिल्या, मृत नवऱ्याचे नाव देई आणि दुसरा नवरा ते निमूटपणे मान्य करी. विधुराने पुन्हा लग्न केले, तर मुलीच्या बाबतीत हेच घडे. इतके औदार्य कितीजणांपाशी असते?

वंश शोधणाऱ्यास या रीतीचा मोठा उपयोग होतो. दुसऱ्या मुलाचे नाव तूर्स्तेइन असेल, तर आईच्या बापाचे नावही तूर्स्तेइन असावे, असा तर्क करून १८०१ च्या जनगणनेत तो हुडकता येतो. पण तो तर्कच. पुरावा चर्चच्या वहीतूनच यावा लागतो. शेताच्या नावाने तर चांगलीच फसगत होते. हाउगेन हे नाव शेताच्या मालकाचे तसे तेथल्या गड्याचेही असू शके. मालकाच्या कुळाला जमिनीवर ‘ओदेल’ नावाचा वंशपरंपरागत हक्क असे; १८१४ च्या राज्यघटनेनेही तो रद्द न करण्याची हमी दिली. त्याच शेताच्या कडेला मजुरीच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर झोपडी बांधून राहणाऱ्या ‘हूसमान’पाशी हा हक्क नव्हता, नाव मात्र तेच.

१८२५ साली ‘रेस्तोरात्सिऊन’ हे लहानसे गलबत स्ताव्हांगेर बंदरातून अमेरिकेस निघाले आणि पुढील शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन त्या वाटेने गेले. तिकडे एकच कायम आडनाव हवे. मग एका बापाचे तीन मुलगे, एक हान्सेन, दुसरा हाउगेन, तिसरा लीएन, असे तीन घराण्यांचे मूळपुरुष होऊन बसत! त्यांचे वंशज हाउगेन शेताचे चित्र भिंतीवर लावतात. आजोबा त्या शेताचे धनी होते की हूसमान, हे त्यांस क्वचितच ठाऊक असते. म्हणून आम्ही म्हणतो, प्रथम शेत आणि साल विचारावे, आडनाव मागाहून.

खुद्द नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबास एकच पिढीजात आडनाव आले. हान्सेनची मुलगीही हान्सेनच झाली, आणि लग्नानंतर तिने नवऱ्याचे आडनाव घ्यावे असे ठरले. ‘दात्तेर’ हळूहळू दिसेनासे झाले. २००२ च्या कायद्याने ते पुन्हा घेण्याची मुभा दिली, आणि आता मुलीला ते आईच्या नावावरूनही घेता येते.