नानखटाईची कुळकथा, असीरगडाच्या वाटेनं

नानखटाईचा इतिहास कुणीही सांगायला बसलं की गाडी थेट सुरत बंदरावर जाऊन थांबते. डच वखार, पारशी भटारी, अंडी, ताडी, की संपली गोष्ट. मी मात्र ही कुळकथा असीरगडावरून सुरू करणार आहे. त्याला कारण बेंतो द गोइश नावाचा एक पोर्तुगीज धर्मबंधू. त्यानं जन्मात कधी नानखटाई चाखली होती की नाही, ह्याच्याशी मला कर्तव्य नाही. तो 'खताय' शोधायला निघाला होता, एवढं मला पुरतं.

१५६२ साली अझोर्स बेटांवर जन्मलेला हा माणूस हिंदुस्थानात आला तो शिपाईगिरी करायला. पुढं तो जेझुइट झाला आणि त्याच पंथाच्या जेरोम झेवियर ह्या पाद्र्याबरोबर अकबराच्या दरबारी राहिला. बादशहा दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला तेव्हा ही जोडीही लवाजम्यात होती. बुऱ्हाणपूर खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या हातून गेलं, त्याजवळचा असीरगड किल्ला मात्र महिनोन्‌महिने झुंजला आणि जानेवारी १६०१ मध्ये पडला. त्यानंतर अकबरानं गोव्याला वकील धाडला, त्याच्यासोबत गोइशही गेला. परतल्यावर, ऑक्टोबर १६०२ मध्ये, तो आग्ऱ्याहून निराळ्याच कामगिरीवर निघाला. वेश अर्मेनियन व्यापाऱ्याचा, नाव अब्दुल्ला इसाई, आणि काम एकच: खताय नावाचा देश आहे तरी कुठं ते पाहून यायचं.

मध्य आशियाच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी हे नाव रोजचं होतं. उत्तर चीनवर राज्य केलेल्या खितान लोकांवरून ते पडलं होतं आणि खितान गेल्यावरही टिकलं होतं. झेवियरनं लाहोरात एका व्यापाऱ्याकडून ह्या देशाची रसभरीत वर्णनं ऐकली होती. तिकडं पेकिंगला बसलेला दुसरा जेझुइट, मातेओ रिची, सांगत होता की वेगळा खताय वगैरे काही नाही, तो चीनच. गोइश लाहोर, काबूल, यारकंद करत चिनी भिंतीच्या पश्चिम टोकाजवळच्या सुचौला पोचला आणि १६०७ मध्ये तिथंच वारला. पण रिचीचं म्हणणं खरं ठरवून.

आता ह्या वाटेवर बोट फिरवा आणि बिस्किटं मोजा. लाहोरची नानखताई आजही नावाजलेली आहे. काबूलकडं अगदी अशीच, तोंडात विरघळणारी, माथ्यावर पिस्त्याचा चुरा लावलेली बिस्किटं 'खताई' ह्याच नावानं करतात. डचांनी काबूलला वखार घातल्याचं कुणी म्हणत नाही. ज्या वाटेवर खताय हे नाव चलनी नाण्यासारखं फिरत होतं, नेमक्या त्याच वाटेवर हे बिस्किट बसलेलं दिसतं. तीच वाट आग्ऱ्याहून दक्षिणेला उतरली की असीरगडाखालून बुऱ्हाणपुरात येते आणि तिथून खानदेशातून सुरतेला जाते. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून निघून पंधरवड्यात बुऱ्हाणपूरला शहजादा परवेझसमोर उभा होता. म्हणजे माझा पक्ष असा: नाव खुष्कीच्या मार्गानं उत्तरेकडून आलं, युरोपी पद्धतीची भट्टी समुद्रमार्गानं पश्चिमेकडून आली, आणि ज्या रस्त्यावर दोन्ही समोरासमोर आली त्याच्या मधोमध बुऱ्हाणपूर आहे.

सुरतेची गोष्ट मी उडवून लावत नाही, पण तिची सालं जुळत नाहीत. सांगतात ती अशी: सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका डच जोडप्यानं सुरतेत पावाची भट्टी काढली आणि परत जाताना ती आपल्या पारशी नोकराला, फरामजी पेस्तनजी दोटीवालांना, देऊन टाकली. ताडी आणि अंडी घातलेला पाव स्थानिकांना चालेना, म्हणून त्यांनी दोन्ही काढून टाकली, वाळवलेला पाव विकला आणि त्यातूनच नानखटाई सुचली. आता डच ईस्ट इंडिया कंपनीच मुळी १६०२ ची, आणि सुरतेतली तिची वखार १६१६ नंतरची. उलट दोटीवालांची बेकरी आपलं साल १८६१ सांगते. सोळाव्या शतकातल्या यजमानानं एकोणिसाव्या शतकातल्या नोकराच्या हाती किल्ल्या द्यायच्या, तर मधल्या पिढ्यांनी काय केलं? दोटीवालांनी नानखटाई घडवली, गाजवली, मुंबईपर्यंत पोचवली, हे सगळं मान्य. सुरती बटाशा ह्या बिस्किटाचं श्रेयही त्यांना द्या. पण नामकरणाच्या बारशाला ते नव्हते. डच माणसाच्या भट्टीतून निघालेल्या बिस्किटाला फारसी नाव कशाला मिळेल?

ह्यावर एक तगडा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. बिस्किट सुरतेहून उत्तरेला गेलं नसेल कशावरून? रेल्वे आली, छावण्या आल्या, बेकऱ्या लाहोर-पेशावरपर्यंत पसरल्या. काबूलवाल्यांनी ते पेशावरातून उचललं असेल. शक्य आहे. पण बिस्किट मागाहून गेलं असं धरलं तरी 'खताई' हे विशेषण त्या मुलखात आधीपासून मुक्कामाला होतं, हे त्यानं खोटं ठरत नाही. माझी मदार बिस्किटापेक्षा नावावर आहे.

आणि नावावर तर हाणामारीच आहे. 'नान' म्हणजे रोटी, इथवर एकमत. पुढं एक मत असं की खट म्हणजे सहा: मैदा, साखर, तूप, अंडी, बदाम, ताडी अशा सहा जिनसांची रोटी. हे हसण्यावारी नेतात, कारण सहाला फारसीत 'शश' आणि डचमध्ये 'झेस' म्हणतात. पण हसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उत्तरेत 'ष'चा उच्चार 'ख' होतो, षड्‌रसाचा खटरस होतो, तेव्हा षट्‌चा खट व्हायला हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या 'आई'ला. सहा जिनसा मोजून झाल्यावर हा प्रत्यय कुठून चिकटला ते कुणी सांगत नाही. दुसरं मत आंबटपणाचं. ताडीनं किंवा दह्यानं पीठ आंबतं, म्हणून खटाई. हे मला मुळाचं नव्हे, पण 'ट'चं कारण वाटतं. फारसीतला 'त' आपल्याकडं आणि गुजरातेत 'ट' झाला, तो आपल्या जिभेवरच्या खट्ट्यानं ओढून नेला असावा. आमच्याकडं तर बायका सरळ 'नानकटाई' म्हणतात, म्हणजे खट्टाही गेला. तिसरं मत विनोदी आहे. खता म्हणजे चूकही, तेव्हा चुकून झालेली रोटी. इराणचा शाह इस्माईल 'खताई' ह्या टोपणनावानं कविता करायचा आणि त्या नावाचाही कीस असाच पडला आहे, पापी की खतायचा? बिस्किटाच्या बाबतीत हा वाद मी मनावर घेत नाही.

राहतं ते चौथं, अभ्यासकांना सहसा पटणारं मत: नान-ए-खताई, खतायची रोटी, चिनी रोटी. व्याकरणानं चोख, पण पोटात एक खडा राहतो. तूप घालून खुसखुशीत केलेली मैद्याची भाजीव वस्तू चीनची म्हणून ओळखली जावी, असं तिच्यात चिनी काय आहे? इथं माझा स्वतःचा तर्क पुढं करतो. इराणी गालिच्यांत आणि पोथ्यांच्या नक्षीत दोन घराणी मानतात. एक 'इस्लिमी', वळणदार वेलींचं, आणि दुसरं 'खताई', चिनी धाटणीच्या कमळासारख्या उमललेल्या फुलांचं. आता नानखटाईचा गोळा आठवा. वर सुरीनं फुली मारायची, भाजताना ती चार पाकळ्यांनी उकलते आणि मधोमध चारोळीचा दाणा केसरासारखा बसतो. खतायहून आलेली रोटी म्हणण्यापेक्षा खताई फुलाची रोटी म्हटलं, तर पोटातला खडा निघतो. नक्षीकाम आणि भटारखाना एकाच दरबारात होते, शब्द इकडून तिकडं जायला भिंत ओलांडायची एवढंच. कागदाचा पुरावा मागाल तर माझ्याकडं भट्टीच्या पत्र्यावरचं फूल आहे.

त्या चारोळीवरून आणखी एक. फारसी-अरबी जगात गोड कोरड्या 'नान'ची परंपरा फार जुनी आहे, आणि तिच्यातली नामांकित वस्तू सारणाची होती. बगदादच्या मुहम्मद बिन हसनानं १२२६ मध्ये लिहिलेल्या पाककृतींच्या पुस्तकात 'खुश्कनानज' आहे, म्हणजे सुकी रोटी. पिठाला तिळाच्या तेलाचं मोहन, आत कुटलेले बदाम आणि सुगंधी साखर, आणि मग भट्टीत भाजायची. आपल्या करंजीची ही भाजलेली बहीण. करंजी आपल्याकडं कढईत गेली कारण घरोघरी कढई होती, भट्टी नव्हती. म्हणजे भट्टीतल्या गोड नानला मुळात पोट होतं. नानखटाईला ते नाही, फक्त माथ्यावर चारोळी किंवा पिस्ता आहे. माझी समजूत अशी, की सारण आतून निघून वर जाऊन बसलं.

हे मला सुचलं ते धूलकोटला, मावशीच्या स्वयंपाकघरात. धूलकोट बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, असीरगडाच्याच सातपुड्यातलं गाव. मावशी दिवाळीला भरलेली नानखटाई करते आणि तिचं सारण बेरीचं, म्हणजे तूप कढवताना तळाशी राहणाऱ्या कणांचं, असतं. म्हशीच्या दुधाचं विरजण, घुसळून काढलेलं पांढरं लोणी, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर. आधी फेस येतो आणि तडतड चालू होते. ती लोण्यातल्या पाण्याची. तडतड थांबली की पाणी सरलं, आता डोळ्यांचं काम संपलं आणि नाकाचं सुरू झालं. तळाचे कण पांढऱ्याचे पिवळसर होतात, मग बदामी, आणि भाजलेल्या सुक्या मेव्यासारखा वास सुटतो. बदामी दिसताच पातेलं उतरवायचं, कारण उरलेल्या धगीनं बेरी आणखी एक छटा चढते. एवढ्यात कुणी हाक मारली तरी मावशी ओ देत नाही. फ्रेंच लोक ह्याच टप्प्यावर लोणी उतरवतात आणि हे कण न गाळता वापरतात. आपण तूप गाळून घेतो, बेरी साखर घालून पोरांच्या हातावर ठेवतो. वस्तू तीच. दुधातली साखर आणि प्रथिनं तापून एकमेकांत गुंततात, रंग आणि वास येतो. लुई कामिय मायार ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ही प्रक्रिया १९१२ मध्ये मांडली.

मावशीची बेरी पोरांपर्यंत पोचत नाही. ती खव्याबरोबर पुन्हा कोरडी परतते, गार झाल्यावर पिठीसाखर, सुंठ, जायफळ, वेलची आणि भरड चारोळी घालते. चारोळी इथल्या रानातलीच. सारण ओलं राहिलं तर बिस्किट तळाला बसकण मारतं, म्हणून मुठीत दाबल्यावर जेमतेम गोळा धरेल इतकंच. गाळलेलं तूप रवाळ थिजू द्यायचं आणि परातीत पिठीसाखरेबरोबर तळहातानं पांढरं होईतो फेसायचं. मग मैदा, त्याच्या निम्म्याहून थोडं कमी बेसन, मूठभर बारीक रवा, चिमूटभर सोडा. तुपात पाणी नसतं, त्यामुळं मैद्याला चिवटपणा येत नाही, आणि बेसन-रव्यामुळं गोळा पसरून चपटा होत नाही. भरलेला गोळा लाडवाएवढा, वरून किंचित दाबलेला, आणि त्यावर फुली. ओव्हन नाही. मोठ्या पातेल्यात वाळू तापवून, आत तिवई, तिवईवर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. निखारे नसतील तर वरचा रंग फिका राहतो, चवीला फारसा फरक पडत नाही.

झाकण काढलं की जे दिसतं ते माझा साक्षीदार. गोळा फुलतो, फुलीच्या रेघा उकलतात आणि मधल्या फटीतून सारण वर डोकावतं, त्यातले चारोळीचे दाणे नेमके माथ्यावर. घरी हे चालतं, उलट पोरं अशी उकललेलीच आधी उचलतात. बाजारच्या भट्टीवाल्याला हे कसं परवडावं? सणाच्या आधी गल्लीगल्लीतून बायका पीठ, साखर, तूप घेऊन भट्टीवर रांग लावतात, पत्र्यांवर पत्रे सरकत असतात. तिथं फुटलेलं सारण पत्र्याला चिकटून जळणार आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मालाला करपट वास लागणार. खवा पोटात असला की माल चार दिवसांच्या वर टिकतही नाही, आणि सुरतेहून पेटी भरून पाठवायचा तर टिकायलाच हवा. तेव्हा कुणीतरी व्यवहारी भटाऱ्यानं पोट बुजवलं आणि माथ्यावर दिसायचा तो दाणा वरूनच दाबून बसवला. मावशीला हा सिद्धान्त ऐकवला तर म्हणाली, "म्हणजे विकतच्याला सारण नसतं ते त्यांच्या आळसानं, एवढंच ना?" एवढंच.