अर्ध्या वाटेवरून परतलेले विद्यार्थी

मोहल्ल्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाली की घरात लगीनघाई उडते. दंडावर इमाम जामिन बांधला जातो, नातेवाईक भेटून जातात, जमातीच्या सभेत कौतुक होतं. तोच विद्यार्थी वर्ष-दीड वर्षाने आजारपणामुळे किंवा पैशाअभावी परत आला, तर मात्र सगळे गप्प होतात. आई-वडील लग्नकार्याला जायचं टाळू लागतात. जणू घरात काही गुन्हा घडला आहे! आपल्याच समाजाच्या शैक्षणिक इतिहासाची पानं उलटली, तर ही शरम किती अनाठायी आहे ते कळतं.

बदरुद्दीन तय्यबजींचं नाव आपण अभिमानाने घेतो. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ पासून मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. पण त्यांच्या विद्यार्थिदशेबद्दल आपण फारसं बोलत नाही. इंग्रजी तालीम म्हणजे धर्म बुडाला, असं मानणाऱ्या काळात त्यांच्या वडिलांनी, मुल्ला तय्यब अलींनी, मुलांना विलायतेला पाठवलं. थोरले बंधू कमरुद्दीन आधीच तिथे सॉलिसिटर झाले होते. त्यांच्याकडे पाहून बदरुद्दीन १८६० साली, सोळाव्या वर्षात, लंडनच्या शाळेत दाखल झाले. १८६३ मध्ये त्यांनी मिडल टेंपलमध्ये नाव घातलं. त्या काळी बॅरिस्टर होण्यासाठी नुसती पुस्तकं वाचून भागत नसे. संस्थेच्या सभागृहात ठराविक जेवणांना हजर राहून सत्रं भरावी लागत. अनोळखी लोकांच्या पंगतीत, अनोळखी रीतीने बसणं हाही अभ्यासाचाच भाग होता.

आणि मध्येच डोळ्यांनी दगा दिला. नजर अधू होत गेली आणि १८६४ च्या अखेरीस बदरुद्दीन शिक्षण सोडून मुंबईला परतले. हातात पदवी नव्हती, सनद नव्हती. मुंबईत त्या वेळी कोण काय बोललं असेल, याची कल्पना आपण आपल्या गल्लीवरून करू शकतो. पण घरच्यांनी दार लावून घेतलं नाही. वर्षभराने, १८६५ च्या अखेरीस, ते पुन्हा लंडनला गेले आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले भारतीय बॅरिस्टर. त्या मधल्या वर्षाला कुणी 'वाया गेलेलं वर्ष' म्हणून कायमची फुली मारली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

याच गोतावळ्यातल्या अतिया फैजी यांची हकिकत वेगळी आहे. मुरुड-जंजिऱ्याच्या नबाबाची बेगम नाझली ही त्यांची बहीण. १९०६ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून अतिया शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेल्या. मुसलमान घरातली अविवाहित मुलगी समुद्रापार शिकायला जाते, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तिथला दिनक्रम, भेटीगाठी, पाहिलेल्या गोष्टी त्या रोजनिशीच्या रूपाने बहिणींना कळवत. लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू नियतकालिकात हा मजकूर छापला गेला. ज्यांना उंबरठा ओलांडता येत नव्हता, अशा वाचक स्त्रियांना घरबसल्या लंडनचं कॉलेज दिसलं.

पण अतियांची तब्येत ढासळली आणि साधारण वर्षभराने, १९०७ मध्ये, अभ्यासक्रम पुरा न करताच त्या परतल्या. बदरुद्दीन यांच्यासारख्या पुन्हा जाऊन त्यांनी तो पूर्ण केला नाही. तरीही १९२१ मध्ये ती रोजनिशी 'जमाना-ए-तहसील', म्हणजे विद्यार्जनाचा काळ, या नावाने पुस्तकरूपात आली. प्रमाणपत्र हाती नसतानाही त्या काळाला त्यांनी विद्यार्जनच म्हटलं. मला हे नाव फार मोलाचं वाटतं.

लंडनमध्येच १९०७ साली अतियांची भेट इक्बालांशी झाली. इक्बालांनी त्याच वर्षी केंब्रिजची पदवी घेतली आणि १९०८ पर्यंत म्युनिकची डॉक्टरेट व बॅरिस्टरी दोन्ही मिळवली. तोंडी परीक्षेसाठी जर्मन यावी म्हणून ते हायडेलबर्गला जाऊन राहिले. आपण मुलांना या यशाचे दाखले देतो आणि ते द्यावेतच. पण या शिक्षणाच्या खर्चाचा भार थोरले बंधू शेख अता मुहम्मद यांनी उचलला होता, हेही त्याच दमात सांगायला हवं. एकट्याच्या हुशारीवर कुणीच पार होत नाही. कुणाला भाऊ लागतो, कुणाला शिष्यवृत्ती, आणि कुणाला परत आल्यावर 'काही हरकत नाही' म्हणणारं घर.

ज्यांना असा भाऊ नाही, त्यांचं काय? बदरुद्दीन, कमरुद्दीन आणि कोकणी समाजातले नाखुदा मुहम्मद अली रोगे प्रभृतींनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली, ती अशाच मुलांसाठी. आपल्या काळात एम. फिल. आणि पीएच. डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. २०२२-२३ पासून केंद्र सरकारने ती नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. म्हणजे जबाबदारी पुन्हा आपल्याकडे आली आहे.

गावोगावच्या जमाती दरवर्षी गुणवंतांचे सत्कार करतात. शाल, श्रीफळ, पाकीट, फोटो. चांगलं आहे. पण त्याच निधीतला थोडा हिस्सा ज्यांच्या शिक्षणात खंड पडला आहे त्यांच्यासाठी बाजूला का काढू नये? आजारातून उठलेल्याची दुसऱ्या खेपेची फी, राहिलेल्या प्रबंधासाठी सहा महिन्यांचं घरभाडं, एवढ्यानेही एखादा परत उभा राहील. आणि जो परत जाणार नाही, त्याला निदान 'सुटलं का शिक्षण?' असं न विचारता 'काय काय शिकून आलास?' असं विचारू या. त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल.