जागल्याची घोंगडी, गार्डची टोपी

वऱ्हाडातल्या जागल्याला गणवेश नव्हता. काठी-घोंगडी पुरे, गाव त्याला नावानिशी ओळखे. खामगावच्या बँकेबाहेरचा गार्ड मात्र येणाऱ्यांना अनोळखी; त्याची ओळख कपड्यांनीच पटते.

पण ते कपडे पोलिसासारखे चालत नाहीत. खाजगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्यात पोलिसांच्या किंवा लष्कराच्या गणवेशाशी साम्य असलेला पोशाख घातल्यास वर्षापर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. केंद्राच्या 2006 च्या नमुना नियमांनी बिल्ले, शिट्टी, नाडीचे बूट, टोपी ठरवली. कपडे फार घट्ट वा सैल नकोत, हेही सांगितले.

वैशाखातल्या उन्हाचे काय? जागल्याची घोंगडी निदान थंडी-पावसासाठी होती. गार्डचा गणवेश बघणाऱ्यांसाठी आहे. घालणाऱ्याचा विचार अजून व्हायचा आहे.