कोपऱ्यातून भिंतीवर

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि हळूहळू चाळीतल्या खोल्यांतही सरकत्या दारांचं लाकडी खोकं येऊन बसलं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. टीव्हीची काचेची नळी मागे फूटभर तरी पसरलेली, म्हणून त्याच्या वाट्याला कोपरा आला. सपाट पडद्याने ही अडचण संपवली, हे खरं. पण खोलीला बेताचा टीव्ही कोणता, हे ठरलं ते जाडीपेक्षा चित्रातल्या रेषांवर. तेव्हाचं प्रक्षेपण ६२५ रेषांचं. मोठा पडदा जवळून पाहिला की चित्र विस्कटायचं, आणि लहान खोलीत मागे सरकणार तरी किती?

आकार खिशाने ठरवला, असं कोणी म्हणेल. खिसा होताच, अख्खा मजला दारात उभा राहून बघायचा, तरी वीस इंचांवर भागायचं. पण नुसती किंमत उतरून भागलं नसतं. आज दहा फुटी खोलीत ५५ इंची पडदा खुपत नाही, कारण फोर-के चित्रात २१६० ओळी असतात, चार-पाच फुटांवरूनही ठिपके दिसत नाहीत. घोडं अडतं ते भलतीकडेच: समोरच्या खिडकीचं ऊन काळ्या पडद्यावर येतं आणि दुपारच्या मालिकेत आपलाच पलंग दिसतो.