पेढीपासून पेढीपर्यंत



जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने आकुर्डीवरून जाताना बजाज कंपनीचे विस्तीर्ण आवार लागते. येथे स्कूटरी तयार होत, हे पिंपरी-चिंचवडमधील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु देशातील एका फार मोठ्या कर्ज देणाऱ्या कंपनीने आपला नोंदणीकृत पत्ता म्हणून हेच आवार दिले, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. यंत्राचा कारखाना आणि पैशाची पेढी यांचा हा शेजार कसा जमला, आणि त्यात तुमचा-आमचा संबंध काय, एवढाच आजचा माझा विषय आहे.

या घराण्याचे मूळ शोधू गेल्यास ते कारखान्यात न सापडता वर्ध्याच्या एका व्यापारी पेढीत सापडते. शेठ बच्छराज हे तेथील धनिक व्यापारी. सीकर संस्थानातील एका खेड्यात 1889 साली जन्मलेले जमनालाल लहानपणीच त्यांच्या घरी नातू म्हणून दत्तक आले. सतराव्या वर्षी आजोबांशी खटका उडाला, तेव्हा या मुलाने त्यांना पत्र लिहून सर्व संपत्तीवरचा हक्क सोडला. पुढे समेट झाला आणि पेढी त्यांच्याकडेच आली. परंतु पैसा आपला नव्हे, आपण त्याचे राखणदार, ही भावना त्यांच्या मनात कायमची राहिली. गांधीजींच्या विश्वस्तपणाच्या विचाराला हा व्यापारी इतका जवळचा का वाटला, याचे उत्तर त्या पत्रात आहे. 1942 साली जमनालालजी वारले.

1945 च्या नोव्हेंबरात स्थापन झालेल्या कंपनीला घराण्याने नाव दिले तेही आजोबांचेच: बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. आरंभी तिने परदेशी दुचाक्या आणि तीनचाक्या आणून विकल्या. 1959 मध्ये त्या येथेच तयार करण्याचा परवाना मिळाला आणि 1960 मध्ये ती बजाज ऑटो या नावाने सार्वजनिक कंपनी झाली. पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. 1968 मध्ये जमनालालजींचे नातू राहुल बजाज यांनी कारभार हाती घेतला, आणि 1972 पासून चेतक स्कूटर बाजारात आली. परवान्यांच्या त्या काळात मागणी अफाट आणि उत्पादन बेताचे, म्हणून गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत असे. ज्याच्या दारी गिऱ्हाईक असे तिष्ठत उभे आहे, त्याला कर्ज देऊन माल खपविण्याची गरज कोठून पडणार?

ऐंशीच्या दशकात हे चित्र पालटू लागले. जपानी सहकार्याने बनलेल्या दुचाक्या आल्या, रांगा आटल्या, आणि गिऱ्हाइकाला निवड मिळाली. 1987 मध्ये बजाज ऑटो फायनान्स ही कंपनी निघाली, ती प्रथम दुचाकी-तीनचाकीसाठी हप्त्याने कर्ज देण्याकरिता. माझ्या मते हा योगायोग नव्हे. रांग गेली की हप्ता येतो. 2010 मध्ये तिच्या नावातून ‘ऑटो’ हा शब्द गळाला. तोवर ती घरगुती वस्तूंपासून उद्योगधंद्यापर्यंत नाना प्रकारची कर्जे देऊ लागली होती.

एकत्र कुटुंबाच्या पेढीचा खरा शत्रू म्हणजे वाटणी. या घराण्यातही वाद झाला आणि 2008 मध्ये मिटला. त्याच वर्षी मूळ बजाज ऑटोची फोड पूर्ण झाली. जुन्या कंपनीच्या प्रत्येक भागामागे भागधारकास दोन नव्या कंपन्यांचा एकेक भाग मिळाला: एक वाहनांची, दुसरी अर्थव्यवहाराची. मूळ कंपनी बजाज होल्डिंग्ज या नावाने गुंतवणूक सांभाळणारी तिजोरी होऊन राहिली. थोरले चिरंजीव राजीव यांच्याकडे वाहने, धाकटे संजीव यांच्याकडे अर्थव्यवहार. कारभाराच्या वाटा निराळ्या झाल्या. तरी दोन्ही कंपन्यांचे मोठे भागभांडवल एकाच तिजोरीत राहिले.

याच सुमारास, 2007 मध्ये, आकुर्डीतील वाहन-उत्पादन थांबले. चाकणचा कारखाना 1999 पासून चालू होता. काम तिकडे आणि इतरत्र गेले. ज्यांची उमेद त्या भोंग्यावर गेली, त्या घरांना ही वार्ता नुसत्या हिशेबाची नव्हती. 2022 मध्ये आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला, हेही सांगितले पाहिजे. तथापि पैसा किती सहज जागा बदलतो आणि माणसाला ते किती जड जाते, हा धडा या आवाराने शिकविला आहे.

आता मुख्य मुद्दा. अशी कंपनी बँक नसते. ती मुदतीच्या ठेवी घेऊ शकते, परंतु मागताक्षणी परत करावयाच्या ठेवी घेऊ शकत नाही. बँकेतील ठेवीस 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. येथे ते नाही. रिझर्व्ह बँकेची देखरेख असते, पण ठेवीदाराचा आधार अखेर पेढीची पत हाच. लंडनची बेअरिंग घराण्याची पेढी 1762 पासून चालली. 1995 मध्ये सिंगापूरच्या एका नोकराच्या सट्ट्याने ती बुडाली आणि अवघ्या एका पौंडास विकली गेली. नाव होते, पण वही तपासणारे डोळे झाकलेले होते.

जुन्या पेढीत मालक स्वतःच्या नावावर स्वतःचा पैसा लावी. आजच्या पेढीत नाव घराण्याचे आणि पैसा लाखो अनोळखी माणसांचा. म्हणून विश्वस्तपणा हा घराण्याच्या इतिहासातील शोभेचा अलंकार राहून चालणार नाही. तो रोजच्या वहीत उतरला पाहिजे. आणि कर्ज घेणाऱ्याने, ठेव ठेवणाऱ्याने, भाग विकत घेणाऱ्याने ती वही वाचावयास शिकले पाहिजे. सतरा वर्षांच्या मुलाने आजोबांना लिहिलेले पत्र आपणां सर्वांच्या उपयोगी पडावयाचे असेल, तर ते याच वाटेने.