शब्दवेध : पतित

'पतित' हे संस्कृतातून मराठीत जसेच्या तसे आलेले विशेषण असून ते नामासारखेही वापरले जाते. नीतिभ्रष्ट, पापी, सदाचारापासून ढळलेला हा त्याचा रूढ अर्थ. 'पत्' या धातूपासून ते सिद्ध झाले आहे. या धातूला उडणे आणि पडणे असे दोन्ही अर्थ आहेत. पंख किंवा पान या अर्थाचा 'पत्र' हा शब्द त्याच धातूचा. 'प्रपात', 'अधःपात' आणि 'पातक' हेही त्याच कुळातले. पातक म्हणजे माणसाला खाली पाडणारे कृत्य. 'नीच', 'अधम' या शब्दांत केवळ खालची पायरी सूचित होते. 'पतित' म्हणताना ती व्यक्ती पूर्वी वर होती, हे गृहीत धरलेले असते.

धर्मशास्त्रात पतितत्व ही नियमांनी ठरवलेली अवस्था होती. ब्रह्महत्या, सुरापान, सुवर्णाची चोरी, गुरुपत्नीगमन आणि असे करणाऱ्यांचा संसर्ग ही पाच महापातके मानली जात. मनुस्मृतीच्या 11व्या अध्यायानुसार, पतिताला जिवंतपणीच मृत मानून आप्त जलदान करीत आणि दासी पाण्याने भरलेला घट पायाने लवंडीत असे. या बहिष्कारविधीला 'घटस्फोट' म्हणत. विवाहविच्छेदासाठी मराठीत आज रूढ असलेला शब्द तोच. प्रायश्चित्त पूर्ण झाल्यावर मात्र आप्त त्याच्यासह स्नान करून नवा घट पाण्यात सोडीत व त्याला पुन्हा आपल्यात घेत. वसिष्ठ धर्मसूत्राने तर पतित पित्याचा त्याग सांगतानाही, मुलाच्या दृष्टीने माता कधीच पतित होत नाही, असे म्हटले आहे.

भक्तिपरंपरेने या शब्दाचा रोख बदलला. संतांनी देवाला 'पतितपावन' म्हटले आणि पतित हे विशेषण नम्रतेने स्वतःकडे घेतले. रत्नागिरीत 1931 मध्ये सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झालेले मंदिर याच नावाने ओळखले जाते.

आधुनिक वापरात मात्र एक विषमता उरली. 'पतिता' या स्त्रीलिंगी रूपाचा अर्थ केवळ लैंगिक आचरणापुरता आकसला. पुरुषासाठी 'पतित' हा शब्द त्या अर्थाने क्वचितच येतो. जुन्या कथा-कादंबऱ्या वाचताना आणि आज हा शब्द योजताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.