हार्ड डिस्क : तापणे व बिघाड

फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठवणारी डिस्क प्रमाणाबाहेर तापणे, वाचन-लेखनात चुकणे किंवा साफ बंद पडणे, यांची कारणे व निदान. पहिली डिस्क आयबीएमच्या रामॅक संगणकाबरोबर १९५६ मध्ये आली. २४ इंची ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत.

रचना व उष्णता : तबकड्या मिनिटाला बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचन-लेखन करणारे हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगते. मोटर, हवेचे घर्षण आणि सर्किट बोर्ड यांमुळे डिस्क तापते. घरगुती डिस्कना उत्पादक सहसा ६०° से.ची मर्यादा घालतात. हे तापमान डिस्कचे, खोलीचे नव्हे. अतितापाचे मूळ पुष्कळदा डिस्कबाहेरच सापडते : धुळीने बुजलेली जाळी, अडकलेला पंखा, एकमेकींना खेटून बसवलेल्या डिस्क.

तापमान व आयुष्य : उष्णतेने डिस्क लवकर जाते हा समज जुना आहे, पण आकडे त्याला सरसकट दुजोरा देत नाहीत. पिन्हेइरो, वेबर व बारोसो यांनी २००७ मध्ये गूगलमधील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सरासरी तापमानाबरोबर बिघाड वाढलेले दिसले नाहीत. उलट थंड डिस्कमध्येच ते अधिक होते. अतिउच्च तापमानाला, विशेषतः तीन वर्षे व त्याहून जुन्या डिस्कमध्ये, चित्र बदलले. मायक्रोसॉफ्टमधील अभ्यासकांना मात्र २०१३ मध्ये तापमान व बिघाड यांचा स्पष्ट संबंध आढळला. दोन्हीकडची यंत्रे, मांडणी आणि हवा वेगळी असल्याने निष्कर्ष समोरासमोर ठेवताना सावधगिरी हवी. बाहेरच्या हवेवर थंड होणाऱ्या डेटा सेंटरांविषयीच्या २०१६ च्या एका अभ्यासात तापमानापेक्षा सापेक्ष आर्द्रता अधिक घातक ठरली. दमट मुंबई-कोकणपट्टीच्या दृष्टीने हा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा. तरी आपल्याकडे चर्चा होते ती पंख्यांचीच.

श्रोडर व गिब्सन यांनीही २००७ मध्येच दाखवले की, माहितीपत्रकांतील दाव्यांनुसार वार्षिक बिघाड जास्तीत जास्त ०.८८ टक्के असायला हवा. प्रत्यक्षात डिस्क बदलण्याचे प्रमाण सर्रास २ ते ४ टक्के, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत होते.

निदान : डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ‘स्मार्ट’ या प्रणालीत ठेवते. क्र. ५ (बदली दिलेले सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे तुकडे), १९७ (निर्णय बाकी असलेले सेक्टर) आणि १९८ (वाचता न येणारे सेक्टर) यांवर पहिली नजर टाकतात, तापमान क्र. १९४ मध्ये दिसते. १९७ चा आकडा खालीही येतो : संशयित सेक्टरवर नव्याने लिहिले की तो एकतर शाबूत ठरतो किंवा त्याची बदली होते. सर्वांत दुर्लक्षित नोंद १९९. ती डिस्क आणि संगणक यांच्यामधल्या वाहतुकीतील चुका मोजते. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून तो आधी टिपून घ्यावा, केबल बदलावी आणि पुन्हा पाहावा. वाढ थांबली, तर दोष केबलचा किंवा जोडणीचा होता. अशा कितीतरी धडधाकट डिस्क ‘उडाल्या’ म्हणून भंगारात जातात. अशक्त पॉवर सप्लायमुळेही डिस्क टकटक करते, सुरू होऊन पुन्हा बंद पडते. तेव्हा दुसऱ्या सप्लायवर लावून पाहिल्याविना निदान पुरे होत नाही. मात्र सेक्टरच्या नोंदी वाढत असतील, तर तपासणीआधी माहितीची नक्कल काढावी.

स्मार्टवर भिस्त ठेवण्यालाही मर्यादा आहे. गूगलच्या अभ्यासात पहिली स्कॅन-चूक (डिस्क स्वतःची पृष्ठे तपासताना सापडलेली चूक) दिसल्यावर ६० दिवसांत डिस्क जाण्याचा संभव ३९ पट झाला. पण बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी त्या अभ्यासातील चार प्रमुख नोंदींपैकी एकीतही इशारा दिला नव्हता.

फर्मवेअर : डिस्कमधील या अंगभूत आज्ञावलीतील दोषामुळे सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतील काही डिस्क २००८-०९ मध्ये संगणकाला दिसेनाशा झाल्या. तबकड्या व माहिती शाबूत होती. अशाच दोषामुळे एचपीईच्या काही सॉलिड स्टेट ड्राइव्ह (तबकड्यांऐवजी फ्लॅश स्मृती वापरणाऱ्या) ३२,७६८ तास चालल्यावर निकामी होत. कंपनीने २०१९ मध्ये दुरुस्ती दिली.

फ्रीजरचा उपाय : बिघडलेली डिस्क गोठवून चालू करण्याचा उपाय काही तंत्रज्ञ अजून सांगतात. पण बाहेर काढताच तिच्यावर दव धरते, म्हणून हा उपाय टाळावा.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह : तापल्यावर ती आधी स्वतःचा वेग कमी करते, हा बिघाड मानत नाहीत. (पाहा : फ्लॅश स्मृती.)